पाहुणीची ओटी

काल फोनवर तुमच्या आईने विचारले, "यंदा आपल्या गल्लीत कोणाकोणाकडे कोलू मांडलाय?" मी सहा घरांची नावे सांगितली, गल्लीत शिरल्यावर जशी लागतात त्या क्रमाने. मग तिने विचारले, "आणि तू?" मी म्हटले, "मी नाही." त्यावर ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. मुक्ता, ओंकार, आज मी हे लिहायला बसले आहे ती त्या न बोलण्यामुळे.

इंग्रजीत लिहिले असते तर तुम्हाला सोपे गेले असते, हे मला ठाऊक आहे. माझे सारे शिक्षण मिशनच्या शाळेत झाले. केंद्र सरकारच्या कचेरीत मी निवृत्त होईपर्यंत इंग्रजीत टिपणे लिहिली, आणि माझ्या टिपणातला स्वल्पविरामसुद्धा साहेब बदलत नसत. पण माझ्या इंग्रजीला एक खोड आहे. ती सगळे आवरून, झटकून, घडी घालून ठेवते. मराठीत माझे तसे होत नाही. तेव्हा जिथे अडेल तिथे आईला विचारा.

आपल्याकडे नवरात्रात घट बसतात, इथे तमिळ मुलखात बाहुल्या बसतात. पाच, सात, नऊ अशा विषम पायऱ्या रचायच्या, त्यांवर पांढरे धोतर अंथरायचे आणि वर्षभर कागदात गुंडाळून ठेवलेले मातीचे देव, राजे, वाणी, वाजंत्री ओळीने मांडायचे. त्याला म्हणायचे कोलू. मैलापूरला देवळाच्या तळ्याभोवती रस्त्यावरच बाहुल्यांचा बाजार भरतो. तिथे ओल्या रंगाचा आणि मोगऱ्याचा मिळून एक वास येतो. दुसरीकडे कुठे मला तो भेटलेला नाही. संध्याकाळी रेशमी साड्या नेसून बायका घरोघर जातात, प्रत्येक कोलूपुढे एकेक गाणे म्हणतात आणि द्रोणात सुंडल घेऊन येतात. सुंडल म्हणजे उकडलेले हरभरे नाहीतर चवळी, वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी आणि ओले खोबरे. ओंकार, तू चार वर्षांचा असताना आपल्या कोलूत देवांच्या पायरीवर तुझी निळी मोटार नेऊन ठेवली होतीस. नऊ दिवस ती विष्णूच्या शेजारी उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येक बाईने तिलाही हळदकुंकू वाहिले.

या दिवसांत इथले ऊन नुकतेच उतरणीला लागलेले असते. आपल्या देशावरचा पावसाळा संपतो तेव्हा इथला यायचा असतो. चार वाजले की समुद्राच्या बाजूने आकाश काळवंडते, गच्चीवरचे कपडे गोळा करायला सगळ्या एकदम धावतात, आणि पाऊस येत नाही. येणार आहे हे मात्र सर्वांना माहीत असते. वेस्ट मांबलममधल्या आमच्यासारख्या सखल गल्लीत तर फारच नीट माहीत असते.

समुद्र किनाऱ्यावर चढून आला आणि इतकी माणसे घेऊन गेला, त्याच्या पुढच्या नवरात्राची ही गोष्ट.

मांबलम स्टेशनाच्या या बाजूला, रुळांना लागून जी गल्ली आहे तिथे एका घराच्या तळमजल्यावर आमची बालवाडी होती. आमची म्हणजे आम्हा सहा बायकांच्या समितीची. मी तिची चिटणीस. खर्च परदेशातली एक संस्था करी: जागेचे भाडे, दूध, मुले सांभाळणाऱ्या सेल्वीचा आणि तिच्या मदतनीस बाईचा पगार. सरकारी अंगणवाडी होतीच, पण ती उशिरा उघडते आणि तान्ही मुले घेत नाही. आपल्या घरांत कामाला येणाऱ्या बायका मात्र पहाटे साडेपाचला दारात रांगोळी काढायला हजर असतात. त्यांची तान्ही मुले कुठे असतात, हा प्रश्न मला नोकरीत असताना एकदाही पडला नव्हता. निवृत्त झाल्यावर पडला. आमची बालवाडी पाचला उघडायची.

सेल्वी दहावी शिकलेली, तिशीची, काळीसावळी, आवाजाने मोठी. वीस मुले एका वेळी रडत असली तरी कोणते भुकेने रडते आणि कोणते उगीच, हे ती पाठमोरी राहून सांगे. छताला कड्या होत्या. प्रत्येक आईने आपली जुनी, नेसून मऊ झालेली साडी आणून द्यायची आणि त्या साडीची झोळी त्या कडीला बांधायची, हा तिचा नियम. मुलाला आईच्या वासात झोप लागते, एवढेच तिचे म्हणणे. सकाळी आत पाऊल टाकले की दहा रंगांच्या दहा झोळ्या संथ हलत असत आणि बाहेरून लोकल गेली की सगळ्या मिळून थरथरत.

तिथेच मला अमुदा भेटली. आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मुत्तुलक्ष्मीची ही मुलगी, तेव्हा दहा वर्षांची. धाकटा भाऊ मुत्तू झाल्यावर तिची शाळा सुटली होती, कारण त्याला घेणार कोण? बालवाडी निघाली आणि ती पुन्हा शाळेत जाऊ लागली. मुत्तूला सेल्वीच्या हवाली करायचे, नळावर तोंड धुवायचे, दोन वेण्यांना लाल फिती बांधायच्या आणि नऊपर्यंत तिथेच भिंतीशी बसून अभ्यास करायचा. अधूनमधून ती मला इंग्रजी शब्द विचारी. एकदा म्हणाली, "मामी, तुम्ही ऑफिसात काय करत होता?" मी म्हटले, "लिहीत होते." "दिवसभर?" "दिवसभर." ती जरा विचार करून म्हणाली, "मग मी पण तेच करीन. बसून करता येतं ना ते?"

संस्थेची पाहुणी येणार असल्याचे पत्र नवरात्राच्या आदल्या आठवड्यात आले. पत्र मीच वाचले आणि मीच फाइलला लावले, म्हणून त्यात काय होते ते मला नीट आठवते. समुद्राच्या आपत्तीनंतर मदतीचा ओघ किनाऱ्याकडे वळवावा लागत आहे. तरी जुन्या कामांपैकी ज्या एकाला अजून स्वतःच्या बळावर उभे राहता येत नसेल, त्याला आणखी दोन वर्षे मदत देता येईल. ते कोणते, हे पाहायला ही बाई येत होती.

आता तुम्हाला वाटेल, हे वाचल्यावर शहाण्या माणसाने गळके छत दाखवले असते. मी यादी केली. कोणाच्या घरून काय आणायचे याची. बँकेतल्या मॅनेजरांकडून सतरंजी, डॉक्टरांकडून लाकडी घोडा, माझ्याकडून स्टीलचे चोवीस पेले. आमचा छताचा पंखा महिनाभर बंद होता, म्हणून सुंदराबाईंचा उभा पंखा. प्रत्येक वस्तूच्या खाली मी चिठ्ठी चिकटवली, म्हणजे परत करताना घोळ नको.

सुंदराबाई म्हणजे आमच्या शेजारीण. त्यांचे घराणे तंजावरचे, कित्येक पिढ्या इकडचे. त्यांचे मराठी ऐकताना जुन्या बखरीचे पान कोणी तमिळ चालीवर म्हणते आहे असे वाटे. सगळ्याला त्या 'अस्के' म्हणत. माझी यादी पाहून म्हणाल्या, "नलिनीबाई, तुम्ही अस्कें कागदावर मांडतां. पोरें कागदावर निजतील कां?"

कोलूची कल्पनाही माझीच. मागच्या भिंतीला हातभर उंचीपर्यंत ओल आली होती, पोपडे सुटले होते. त्या भिंतीला लावूनच आम्ही सात पायऱ्या रचल्या आणि धोतर असे सोडले की ओल दिसू नये. सुंदराबाईंनी घरच्या मान डोलावणाऱ्या बाहुल्या आणल्या. आणि मी दहा नव्या, एकसारख्या निळ्या काठाच्या साड्या आणल्या, झोळ्यांसाठी.

सेल्वीने साडी हातात घेऊन चोळून पाहिली. "मामी, यात पोरं झोपायची नाहीत."

"का? स्वच्छ आहेत."

"म्हणूनच."

तरी मी त्या बांधायला लावल्या. ओळीने दहा निळे काठ. फार सुरेख दिसत होते.

पाहुणी सकाळी नऊला आली. उंच, पांढरे केस, सुती सलवार-कमीज. चपला दाराबाहेर काढून ती सरळ जमिनीवर बसली आणि एक रांगते मूल तिच्या मांडीवर जाऊन बसले, तर तिने त्याला तसेच राहू दिले. तिच्यात दोष काढायला मला आजही जागा सापडत नाही. झोळ्यांतली मुले मात्र एकामागून एक रडायला लागली होती. सेल्वीने माझ्याकडे न बघता दोन झोळ्या सोडल्या, कोपऱ्यातल्या गाठोड्यातून जुन्या साड्या काढून बांधल्या, आणि ती दोन मुले तेवढी झोपली.

सुंदराबाईंनी सुंडल वाढले. पाहुणी म्हणाली, पुरे. सुंदराबाईंनी आणखी एक डाव वाढला. ती हसून पुन्हा म्हणाली, पुरे, खरंच पुरे. सुंदराबाईंनी तिसरा वाढला. "राहूं दे हो," त्या मला म्हणाल्या, "पहिलें नको म्हणजे काय नको असतें?"

मग आम्ही पाहुणीची ओटी भरली. कपाळाला कुंकू लावले, त्यातले थोडे तिच्या नाकाच्या शेंड्यावर पडले. नारळ, तांदूळ, हळकुंड, खण. तिला ओटी कशात घ्यावी ते कळेना, तेव्हा शाळेला सुटी म्हणून तिथेच असलेल्या अमुदाने पुढे होऊन तिच्या ओढणीचे टोक तिच्या हातात धरून दिले. सगळ्या हसल्या. असा तो क्षण होता, आणि त्याच क्षणी ओटी मांडीवर सावरत पाहुणीने वही उघडली.

"आम्ही आता थांबलो," ती म्हणाली, "तर इथे काय अडेल? तुम्ही रागावू नका, पण हे मला सेल्वीच्या तोंडून ऐकायचं आहे."

मी सेल्वीला तमिळमध्ये विचारले. तिला बोलायला वेळ लागला नाही. दोन वर्षे जणू कोणी विचारण्याचीच ती वाट पाहत होती. "मामी, त्यांना सांगा, भाडं आम्हाला झेपणार नाही. ही बाहुल्यांमागची भिंत बघायला सांगा. आया जमेल तेवढं देतील, पण पाऊस लागला की त्यांच्याही हातात काही नसतं. दुधाचं तर विचारूच नका. दोन वर्षं थांबा म्हणावं. तोवर मी काहीतरी उभं करीन. नीट सांगा हं मामी, सगळं सांगा."

पाहुणी माझ्याकडे वळली. तिच्या मांडीवर आमचा नारळ होता.

मी इंग्रजीत म्हणाले, "सेल्वी म्हणते, तुम्ही पुष्कळ केलंत. तुमच्या कृपेने आता आम्ही स्वतःच्या पायांवर उभ्या राहू शकू."

हे वाक्य मी गेली चार वर्षे पुष्कळदा मनात म्हणून पाहिले आहे. व्याकरणाने ते निर्दोष होते. ते तोंडातून कसे गेले, याचे उत्तर मला एकच सापडते. जिची ओटी नुकतीच भरली, तिच्यापुढे पदर कसा पसरायचा? घरी आलेल्या पाहुणीला रिकामे डबे दाखवायचे नाहीत, हे मला माझ्या आईने शिकवले, तिला तिच्या आईने. आणि खोलवर कुठेतरी मला असेही वाटले होते की ही बाई थांबेल. ती म्हणेल, नाही, खरंच सांगा. आपल्याकडे पहिला नकार हा नकार नसतो. वाढणारी आग्रह करते, मग जेवणारा ताट पुढे करतो. मी आग्रहाची वाट पाहत होते. तिने माझे वाक्य वहीत लिहून घेतले आणि फार मनापासून, डोळ्यांत पाणी येईल इतके हसली.

ती गेल्यावर सुंदराबाई माझ्याजवळ आल्या. त्यांना इंग्रजी थोडेसे कळे. "ती येवढें बोलली," त्या हात पसरून म्हणाल्या, "आणि तुम्ही येवढेंच सांगितलें कां?"

"सविस्तर पत्रात लिहीन," मी म्हटले. आणि चिठ्ठ्या वाचून वस्तू ज्यांच्या त्यांच्या घरी पाठवल्या.

पत्र मी खरेच लिहायला घेतले. पहिला खर्डा, दुसरा खर्डा. याचना वाटू नये आणि वस्तुस्थिती तर कळावी, असे वाक्य मला जुळेना. ते जुळायच्या आत त्यांचेच पत्र आले. अभिनंदनाचे. इतक्या अल्प काळात स्वावलंबी झालेले काम आम्ही क्वचितच पाहिले, असे त्यात होते. मी त्याच दिवशी सगळे खरे लिहून पाठवले. घाईत लिहिले, ओळी वाकड्या गेल्या. उत्तर सभ्य आणि दुःखी होते. आमच्या वाटची मदतही किनाऱ्यावरच्या एका गावाला दिली गेली होती. तिकडे कोणाला त्यातून जाळे मिळाले असेल, कोणाची होडी पुन्हा पाण्यात गेली असेल. त्यावर मी रागावू कशी?

मग आम्ही स्वतःच्या पायांवर उभ्या राहायला निघालो. ज्या ज्या घरांत या बायका कामाला जात, त्या प्रत्येक घराचे दार मी आणि सुंदराबाईंनी वाजवले. दर महिन्याला थोडे द्या, तुमच्याच घरची कामे वेळेवर होतील. कोणी पाणी दिले, कोणी कॉफी. एका घरी जुन्या खेळण्यांची पिशवी मिळाली, तीत एक डोळा नसलेले अस्वल होते. दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाई दारातच म्हणाल्या, "मामी, पगार देतो ना आम्ही? आता मुलंही आम्हीच सांभाळायची का?" त्या वाईट नव्हत्या. मीही नोकरीत असताना हेच म्हटले असते, फक्त जरा बऱ्या शब्दांत.

आणि पाऊस आला. त्या वर्षी तो कसा पडला ते इथल्या कोणालाही विचारा. तिसऱ्या दिवशी रुळांच्या बाजूने पाणी गल्लीत शिरले. सेल्वीने दोन्ही कडेवर एकेक आणि पाठीला एक असे करत मुले वरच्या मजल्यावर नेली. गुडघाभर पाण्यात ती उभी होती आणि मी जिन्यात उभी राहून नावे पुकारत होते, कोणी राहिले तर नाही ना म्हणून. कोणी राहिले नव्हते. मागची भिंत मात्र खालून फुगली आणि मालक म्हणाले, आता दुरुस्ती काढायची, जागा मोकळी करा. ते काही चूक बोलत नव्हते. झोळ्या सोडून सेल्वीने ज्या त्या आईची साडी जिच्या तिच्या हातात दिली. निळ्या काठाच्या साड्या तिने धुऊन, वाळवून, घडी करून माझ्याकडे आणून दिल्या.

काही आठवडे तिने स्वतःच्या खोलीत सहा मुले सांभाळली. मग खोलीवाल्याने हरकत घेतली, आणि ती गिंडी भागातल्या कपड्यांच्या कारखान्यात लागली. तांबरमकडे राहायला गेली.

एका सकाळी मुत्तुलक्ष्मी कामाला आली तेव्हा मागून अमुदाही आली. कडेवर मुत्तू. ती आमच्या जिन्याच्या पायरीवर बसली. फिती नव्हत्या. मी घड्याळ पाहिले, साडेनऊ. मी म्हटले, "मुत्तूला माझ्याकडे ठेव आणि जा शाळेत." पंधरा दिवस ती गेली. मुलांनो, तुमच्या आजीने पंधरा दिवस एक मूल सांभाळले, तेव्हा तिला कळले की सेल्वी वीस मुलांचे काय करत होती. मग तुमचे आजोबा हॉस्पिटलात गेले ते दिवस आले, आणि मी मुत्तुलक्ष्मीला सांगितले की सध्या जमणार नाही. आजोबा घरी परतले, त्यानंतर मी तिला पुन्हा काही सांगितले नाही. तिनेही विचारले नाही. एकदा नको म्हटल्यावर आग्रह करायचा नसतो, हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

शाळेच्या वेळी ती मुलगी जिन्यात बसलेली असे आणि मी आत वर्तमानपत्र वाचत असे. मुत्तुलक्ष्मी आत भांडी घासत असे. दार उघडे असे. याहून जास्त काय लिहू?

गेल्या आठवड्यात मांबलम स्टेशनच्या पुलावर मला सेल्वी भेटली. दिवाळीचे कपडे घेऊन परत निघाली होती. थोडी जाड झाली आहे, चष्मा लागला आहे. "मामी!" म्हणून तिने इतक्या मोठ्याने हाक मारली की चार माणसे थांबली. तिने माझी पिशवी हातातून काढून घेतली आणि आम्ही कठड्याशी उभ्या राहिलो. आजोबांची चौकशी झाली, तुमची झाली.

मी म्हटले, "सेल्वी, त्या दिवशी तू जे बोललीस ते मी त्या बाईला सांगितलं नव्हतं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"मी एवढं रडगाणं सांगितलं आणि बाई हसली. तेव्हाच कळलं."

"मग तू बोलली का नाहीस? हाताने भिंत दाखवायची. धोतर ओढायचं."

ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जशी एखाद्या अजाण मुलाकडे पाहावे. "पाहुण्यांसमोर तुम्हाला खोटं पाडू, मामी? तुम्ही मोठ्या."

खालून माणसांचा लोंढा येत होता, आम्ही कठड्याला चिकटून उभ्या होतो. जाता जाता आठवल्यासारखे करून, पण ते आठवल्यासारखे नव्हते हे मला कळले, तिने विचारले, "अमुदा आता नववीत असेल ना? हुशार पोर. जाते ना शाळेत?"

माझ्या जिभेवर एक नीटनेटके वाक्य आले होते. चौदा वर्षांची झाली, आईला फार मदत करते, असे काहीसे. तेही खोटे नव्हते.

मी म्हटले, "नाही. मुत्तुलक्ष्मीची पाठ गेली. अमुदा माझ्याकडे भांडी घासते."

खाली फलाटावर तांबरमची गाडी येऊन लागली होती. सेल्वीने ती जाऊ दिली.